दोन वॉटचं काम

बाहेर उणे दहा अंश तापमान आहे, असं धरा. जर्मनीतल्या एखाद्या साध्या दुमजली घराला अशा रात्री उबदार राहायला साधारण दहा किलोवॉट उष्णता लागते. तळघरातला बॉयलर ती उष्णता पाण्याला देतो. पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत जातं, तिथे ऊब सोडतं आणि वीसेक अंशांनी गार होऊन परत बॉयलरकडे येतं. एक लिटर पाणी वीस अंशांनी गार झालं की सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे दहा किलोवॉटसाठी सेकंदाला १२० मिलिलिटर पाणी फिरायला हवं, तासाला ४३० लिटर. अख्ख्या घराची ऊब, आणि ती वाहून नेणारं पाणी किती, तर दर दोन सेकंदांना एक पेलाभर!

हे पाणी फिरवायला जोर किती लागेल? नळ्या, वळणं, व्हॉल्व्ह, रेडिएटर या सगळ्यांच्या घर्षणाचा अडथळा मिळून साधारण दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका भरतो. ०.१२ किलो गुणिले ९.८ गुणिले दीड. उत्तर येतं १.८ वॉट. हवं तर दशांशचिन्ह पुन्हा तपासा, ते योग्य जागीच आहे. दहा हजार वॉटची उष्णता घरभर फिरवायला पाण्याला पुरे दोन वॉटचाही धक्का लागत नाही.

आता त्याच तळघरात १९९०च्या सुमारास बसवलेल्या पंपाची पाटी वाचा. तिथे सर्वात वरच्या वेगासमोर ९० वॉट लिहिलेलं सापडतं. मग वरचे अठ्ठ्याऐंशी वॉट जातात कुठे? जुना पंप काढून नवा बसवावा की नाही, हा युरोपातल्या लाखो घरांना पडणारा प्रश्न खरं तर या एका वजाबाकीतून निघाला आहे.

पंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विहीर येते. पाच एचपीची मोटर म्हणजे ३,७०० वॉट. ती पाणी उचलते आणि वर फेकते. सोसायटीतला पंपही तेच करतो, खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. मजले वाढले की मोटर मोठी लागते. याच सवयीने आपण हीटिंगच्या पंपाकडे पाहतो आणि फसतो. जर्मन तळघरातला पंप पाणी उचलतच नाही. नळ्यांचं वर्तुळ बंद असतं, त्यात हवेला जागा नसते, आणि जितकं पाणी एका बाजूने वर चढतं तितकंच त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने खाली येत असतं. जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखा हा मामला आहे: वर जाणाऱ्या पाळण्यांचं वजन खाली येणारे पाळणे तोलून धरतात, फिरवणाऱ्याला जोर लावावा लागतो तो फक्त आसाच्या कुरकुरीपुरता. म्हणून घर दुमजली असो की चारमजली, उंचीचा प्रश्नच येत नाही. पंपाला जिंकायचं असतं ते फक्त घर्षण.

घर्षण जर इतकं कमी, तर पंपाशिवाय भागेल का? भागत होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत युरोपातली गरम पाण्याची हीटिंग बहुतेक ठिकाणी नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालायची. ८० अंशांचं पाणी घनमीटरला सुमारे ९७२ किलो भरतं, ६० अंशांचं ९८३ किलो. फरक अकरा किलोंचा. बॉयलर तळघरात आणि रेडिएटर पाच मीटर वर असेल, तर हलकं गरम पाणी वर आणि जड गार पाणी खाली, या ओढाताणीतून सहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकाही दाब तयार होत नाही. तेवढ्यावर संपूर्ण घर तापायचं. त्यासाठी नळ्या मात्र मनगटाएवढ्या जाड ठेवाव्या लागत, त्यांना काळजीपूर्वक चढ-उतार द्यावा लागे, आणि बॉयलर सर्वात खाली बसवण्यावाचून गत्यंतर नसे. सकाळी भट्टी पेटवली की दूरच्या खोलीत ऊब पोचेपर्यंत बराच वेळ जाई.

डॉर्टमुंडमध्ये १८७२ साली कास्पर लुडविग ओप्लेंडर यांनी तांब्या-पितळेच्या वस्तूंचा कारखाना काढला होता. त्याच घराण्यातल्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी १९२८ साली नळीच्या एका वळणात पंख्यासारखं पातं बसवलं आणि त्याचा दांडा बाहेर काढून विजेच्या मोटरला जोडला. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. त्यांनी त्याला पंप म्हटलंच नाही; ‘अभिसरण वेगवर्धक’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि ते नाव नेमकं होतं. पाणी आपलं आपण फिरतच होतं, याने त्याला नुसता हातभार लावला. एवढ्याशा हातभाराने घरांच्या भिंती बदलल्या. नळ्या अंगठ्याएवढ्या झाल्या, चढ-उताराची कटकट गेली, बॉयलर कुठेही ठेवता येऊ लागला. आज विलो नावाने ओळखली जाणारी कंपनी ती हीच, आणि पुण्याची जुनी मॅदर अँड प्लॅट ही पंपांची कंपनी आता तिच्याच मालकीची आहे. तिकडे डेन्मार्कमधल्या ब्येर्रिंगब्रो या गावात पॉल ड्यू येन्सेन यांनी १९४५ मध्ये सुरू केलेली ग्रुंडफोस ही तिची सख्खी प्रतिस्पर्धी. जर्मन तळघरात डोकावलात तर बहुधा या दोघींपैकी एकीचा पंप दिसेल, हिरवा किंवा लाल.

ओप्लेंडर यांच्या यंत्रात एक अडचण होती. दांडा नळीतून बाहेर येतो तिथे पाणी गळू नये म्हणून सील लागतं, आणि सील आज ना उद्या झिजतंच. त्यावरचा तोडगा विसाव्या शतकाच्या मध्यावर निघाला आणि मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वात देखणा भाग वाटतो. पाणी बाहेर येऊ द्यायचं नसेल तर दांडाच बाहेर काढायचा नाही! मोटरचा फिरणारा भाग, रोटर, सरळ पाण्यात बुडवून टाकायचा. भोवती स्टेनलेस स्टीलची पातळ डबी, आणि डबीच्या बाहेर कोरडी वायंडिंग. चुंबकीय क्षेत्र डबीच्या भिंतीतून आत शिरतं आणि पाण्यात बुडालेला रोटर फिरवतं. बेअरिंगला तेल नको, ग्रीस नको. पाणीच वंगण आणि पाणीच मोटर गार ठेवणार. थेंब गळत नाही, आवाज नाही. म्हणून हे पंप तीस-तीस वर्षं कुणाच्या लक्षातही न येता फिरत राहिले.

लक्षात न येणं हाच त्यांचा गुण आणि हाच दोषही. चुंबकीय क्षेत्राला डबीची भिंत आणि पाण्याचा थर पार करावा लागतो, त्यात बरीच ताकद सांडते. आत साधी इंडक्शन मोटर, तीही कंडेन्सरवर चालणारी छोटीशी. मोठ्या इंडक्शन मोटरची कार्यक्षमता उत्तम असते, पण आकार लहान होत गेला की ती घसरत जाते, कारण रोटरमध्ये चुंबकत्व उभं करायलाच विजेचा मोठा वाटा खर्च होतो. घरगुती पंपांमध्ये वीज आत शंभर भाग गेली तर पाण्याच्या हालचालीत दहा-पंधरा भाग उतरले तरी पुष्कळ, अशी स्थिती होती.

पण नुसत्या मोटरला दोष देऊन हिशेब मिटत नाही. त्यावर माणसांचा स्वभाव चढला. घराला किती उष्णता लागेल याचा अंदाज बांधणारा थोडी सूट धरतो, पंप निवडणारा आणखी थोडी धरतो, दुकानात नेमका तो आकार नसला तर पुढचा मोठा मिळतो. शेवटी बसवणारा मिस्त्री तीन वेगांचं बटण तीनवर करून जातो, कारण खोली गार राहिली तर गिऱ्हाईक फोन करतं. वीज जास्त गेली म्हणून आजवर कुणी फोन केल्याचं ऐकिवात नाही.

आणि मग येतो हवामानाचा भाग. उणे दहाच्या रात्री वर्षात मोजक्याच. युरोपात पंपांची परीक्षा घेताना हीटिंगच्या हंगामाचा जो नमुना धरतात तो पाहण्यासारखा आहे: पूर्ण प्रवाह लागतो तो फक्त ६ टक्के वेळ. तीन चतुर्थांश प्रवाह १५ टक्के वेळ, निम्मा ३५ टक्के, आणि तब्बल ४४ टक्के वेळ पाव प्रवाहावर भागतं. जुना पंप मात्र ऑक्टोबरच्या कोवळ्या दुपारीही जानेवारीच्या मध्यरात्रीच्याच वेगाने फिरत राहतो. त्यातच रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतात. डॅनफॉस कंपनीच्या मॅड्स क्लाऊसेन यांची ही कल्पना: खोली पुरेशी तापली की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. चार खोल्यांचे व्हॉल्व्ह मिटले तरी पंप आपला रेटतोच आहे; मग उरलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी शिट्टी वाजवत जातं. ज्या घरात उन्हं आल्यावर रेडिएटर सूं सूं करू लागतात, तिथे बहुतेक वेळा हेच घडत असतं.

इथे निसर्गाने एक विलक्षण सवलत देऊन ठेवली आहे. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब एक चतुर्थांश होतो, आणि या दोघांचा गुणाकार म्हणून पाण्याला द्यावी लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. वेगाचा घन! मंद चालण्याचा एवढा मोबदला फार थोड्या यंत्रांत मिळतो. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या इमारतींत एसीचं थंड पाणी फिरवणाऱ्या पंपांना वेग बदलणारे ड्राइव्ह बसवतात ते याच नियमासाठी. घरगुती पंपाला ही सवलत कित्येक दशकं घेताच आली नाही, कारण त्याची मोटर ५० हर्ट्‌झच्या विजेला बांधलेली होती आणि वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक्स त्या छोट्या पंपापेक्षा महाग पडायचं.

ते स्वस्त झालं आणि चित्र पालटलं. २००१ साली विलोने स्ट्राटोस हा पंप बाजारात आणला. त्याच्या रोटरमध्ये कायमचुंबक होते, म्हणजे चुंबकत्व उभं करायला वीज लागणं संपलं. आणि अंगावरच एक छोटा इन्व्हर्टर, हवा तो वेग देणारा. पुढे हेच तंत्र लहान घरांच्या पंपांत उतरलं. आत प्रवाह मोजणारं वेगळं यंत्र सहसा नसतंच. आपल्या मोटरला किती करंट लागतो आहे आणि ती किती वेगाने फिरते आहे, एवढ्यावरून पंप ओळखतो की वर कुठेतरी व्हॉल्व्ह मिटले, पाणी अडलं. आणि तो आपोआप मंदावतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ऊन आल्याची खबर तळघरातल्या डबीला पाण्याच्या अडथळ्यातून कळते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

युरोपीय संघाने हिशेब मांडला तेव्हा आकडे छाती दडपणारे निघाले. २००५ मध्ये संघातल्या या चिमुकल्या पंपांनी मिळून वर्षाला ५० अब्ज युनिट वीज खाल्ली होती. त्यावर ६४१/२००९ हा नियम आला. पंपाला कार्यक्षमतेचा एक निर्देशांक ठरवून दिला, जितका लहान तितका चांगला. १ जानेवारी २०१३ पासून ०.२७ पेक्षा जास्त निर्देशांकाचे सुटे पंप बाजारात आणायला बंदी झाली, १ ऑगस्ट २०१५ पासून ही मर्यादा ०.२३ वर आली आणि बॉयलरच्या आत बसवलेले पंपही तिच्या कक्षेत आले. तारेच्या जुन्या दिव्यांवर युरोपात आलेली बंदी जगभर गाजली, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली. पंपांवरच्या बंदीची मात्र गल्लीतही चर्चा झाली नाही. तळघरात कोण बघतो? जर्मनीने तर ऑगस्ट २०१६ ते २०२० अखेर पंप बदलणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के अनुदान दिलं. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला तेव्हा गॅसवरच्या हीटिंगची तपासणी सक्तीची केली, त्यातही पंप कार्यक्षम आहे की नाही हे पाहायला सांगितलं होतं.

पण नियम नव्या पंपांसाठी आहे. आधीच भिंतीला लागून फिरत असलेल्या पंपाला कुणी हात लावत नाही. तो निर्णय घरमालकाचा.

माझा एक मावसभाऊ स्टुटगार्टजवळ राहतो. मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी, आणि एका म्हाताऱ्या जोडप्याकडून घेतलेलं जुनं घर. त्याच्या तळघरात तो लाल पंप मी जवळून पाहिला. विटेपेक्षा थोडा लहान, ओतीव लोखंडाचा, हाताला चटका बसेल इतका गरम. पाटीवर तीन ओळी: ४५, ६५, ९० वॉट. बटण अर्थातच तीनवर. मधोमध एक चपटा पितळी स्क्रू असतो. दादाने खाली फडकं धरून तो सैल केला, दोन-चार काळपट थेंब ओघळले आणि आत दांड्याचं टोक गरगर फिरताना दिसलं. त्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच पाडलेली होती. उन्हाळाभर बंद राहून रोटर गाळाने अडकला, तर शरद ऋतूत तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून एक वळसा द्यायचा आणि पंप पुन्हा सुरू, अशी ती सोय. यंत्र बनवणाऱ्याने माणसाचा हात गृहीत धरलेला असा काळ.

वहिनी जिन्यावरूनच म्हणाल्या, “भावजी, चालतोय ना तो? मग कशाला हात लावायचा?”

प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तर आकड्यांतच शोधावं लागतं. हीटिंगचा हंगाम साधारण सहा हजार तासांचा धरू. ९० वॉट गुणिले सहा हजार म्हणजे ५४० युनिट. तीन-चार माणसांच्या जर्मन घराचा वर्षाचा वापर तीन ते चार हजार युनिट असतो. म्हणजे सहा-सात भागांतला एक भाग हा एकटा पंप पितो, चांगल्या नव्या फ्रिजच्या कितीतरी पट. युनिटला ३६ सेंट धरले तर १९४ युरो. नवा पंप सरासरी आठ वॉटवर चालला तर ४८ युनिट, १७ युरो. वर्षाला १७७ युरोंची बचत. पंप आणि मजुरी मिळून चारशे युरो लागले, तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. पंप विकणाऱ्यांच्या पत्रकांवर साधारण असाच हिशेब छापलेला असतो.

माझी त्यावर हरकत आहे. हा हिशेब जुन्या पंपाला तीनवर उभा करून केलेला आहे. आधी बटण एकवर करा, त्याला एक पैसाही लागत नाही. मग एखाद्या कडक थंडीच्या रात्री सर्वात दूरच्या खोलीतला रेडिएटर पुरता तापतो का ते पाहा. वरची कड आणि खालची कड दोन्ही हाताला गरम लागत असतील तर एक नंबर पुरेसा आहे. बऱ्याच घरांत तो पुरतो. आता तुलना ४५ वॉटशी: २७० युनिट विरुद्ध ४८. बचत ८० युरोंवर येते आणि पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतात. अजूनही सौदा बरा आहे, पण पत्रकातल्याइतका चमकदार नाही. त्यातच जुन्या पंपात वाया गेलेली वीज अगदीच वाया जात नाही. रोटर पाण्यातच असल्यामुळे तिच्यातली बरीच उष्णता हीटिंगच्या पाण्यातच उतरते आणि तेवढा गॅस वाचतो. मात्र जर्मनीत वीज गॅसच्या तिप्पट महाग, तेव्हा हा भलताच महागडा हीटर झाला. ही वजावट धरली तर बचतीतून साधारण पाव भाग गळतो.

बटणाशी खेळताना आणखी एक गोष्ट तपासावी. घर पुरेसं तापल्यावर किंवा मे महिना उजाडल्यावर पंप थांबतो का? कित्येक जुन्या जोडण्यांत पंप थेट विजेला लावलेला असतो आणि उन्हाळ्यातही बारा महिने चोवीस तास, वर्षाचे ८,७६० तास, थंड पाणी गोल गोल फिरवत बसतो. असं असेल तर पंप बदलण्याआधी तो बॉयलरच्या नियंत्रकाला जोडून घ्यावा. कामापेक्षा जास्त तास फिरणाऱ्या पंपाला मी सर्वात आधी पकडेन, मग तो जुना असो की नवा.

काही घरांत मात्र हात आखडता घ्यावा. भिंतीवर टांगलेल्या बॉयलरच्या पोटात पंप असेल, तर तो बॉयलरच्या नियंत्रणाशी बोलत असतो. तिथे बाजारातला कुठलाही पंप आणून चालत नाही, कंपनीचाच भाग लागतो आणि त्याची किंमत सगळा हिशेब उलटवू शकते. बॉयलरच येत्या एक-दोन वर्षांत जाणार असेल, त्या जागी उष्मापंप यायचा असेल, तरीही थांबावं. नव्या यंत्राबरोबर बहुधा नवा पंप येतोच. सगळे रेडिएटर एकाच नळीवर एकामागून एक जोडलेले असतील, तर तिथे प्रवाह ठरावीक ठेवावा लागतो, त्यामुळे आपोआप मंदावणाऱ्या पंपाचा फायदा आटतो आणि जाणत्याला विचारल्याशिवाय त्याला स्वयंचलित ठेवता येत नाही. आणि पाणी काळं असेल तर आधी पाण्याचं बघावं. जुन्या लोखंडी नळ्यांत मॅग्नेटाइटचा काळा गाळ तयार होतो. तो चुंबकाला चिकटतो, आणि नव्या पंपाचा रोटर म्हणजे पाण्यात बुडवलेला चुंबकच. इंडक्शन मोटरच्या जुन्या पंपाला या गाळाचं विशेष सोयरसुतक नव्हतं. त्यामुळे नळ्या धुऊन घेणं आणि परतीच्या नळीवर चुंबकी गाळणी बसवणं हा खर्च पंपाच्याच खात्यात धरावा.

नव्या पंपांतल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल जुने मिस्त्री नाक मुरडतात. लाल ठोकळा तीस वर्षं चालला, हा दहा चालेल का, असं त्यांचं म्हणणं असतं. त्यात तथ्य आहे. सर्किट बोर्ड आणि गरम नळी यांचं फारसं जमत नाही, म्हणूनच नव्या पंपाबरोबर येणारं आवरण नळीच्या बाजूला चढवायचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या डोक्यावर नाही. तिथे हवा लागली पाहिजे. पण पाच वर्षांत पैसे वसूल होत असतील, तर दहा वर्षांचं आयुष्यही पुरेसं होतं.

दादाच्या घरी सौदा जुळत होता. पंप सुटा, बॉयलर अजून तरुण, नळ्या दोन-दोन, आणि एकवर ठेवल्यावर मागची खोली गार राहत होती. हीटिंगचा माणूस आला आणि जाण्याआधी कॉफीही पिऊन गेला, इतकं काम लहान. घरगुती पंपांची लांबी बहुतेक ठिकाणी १८० मिलिमीटर ठरलेली, त्यामुळे हिरवा काढून लाल किंवा लाल काढून हिरवा, काहीही बसतं. वीज बंद केली, अलीकडचा आणि पलीकडचा व्हॉल्व्ह मिटला, दोन मोठे नट पान्याने सैल केले. खालच्या बादलीत कपभर शाईसारखं पाणी पडलं. जुने वॉशर खरवडून नवे, नवा पंप मध्ये, नट घट्ट. दांडा आडवाच राहिला पाहिजे, एवढं त्याने दोनदा पाहिलं. उभा राहिला तर हवा साचते आणि बेअरिंगला पाणी मिळत नाही. पाच मिनिटं पंप बुडबुडला, मग गप्प झाला. त्याच्या तोंडावर छोटा आकडा उजळला: १४. वरच्या मजल्यावर वहिनींनी दोन रेडिएटर मिटले, तसा तो ११ झाला, मग ७. वॉट, अर्थात.

सातावरून पहिल्या हिशेबातल्या दोनापर्यंत मात्र कुठलाच घरगुती पंप उतरत नाही. इलेक्ट्रॉनिक्सला जागं ठेवायलाच दोन-तीन वॉट जातात. नळ्यांचा समतोल साधला, म्हणजे प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर त्याच्या वाट्याचंच पाणी जाईल अशी मर्यादा घातली, तर आणखी एखाददोन वॉट सुटतात. समतोलाचा खरा लाभ गॅसच्या बिलात दिसतो, कारण पाणी जास्त गार होऊन परत आलं की बॉयलर जास्त नीट चालतो. पंप बदलणार असाल तर समतोल त्याच वेळी करून घ्यावा. नुसता पंप बदलणं हे अर्धं काम आहे, असं मला वाटतं.

बऱ्याच जुन्या तळघरांत शेजारी आणखी एक पंप असतो, पितळी किंवा ब्राँझचा, मुठीएवढा. हा न्हाणीघराच्या नळाचं गरम पाणी सतत फिरतं ठेवतो, म्हणजे नळ सोडल्या सोडल्या गरम पाणी येतं. त्याचेही वॉट मोजावेत, पण तिथे खरी गळती विजेची नसते. चांगलं आवरण असलेली गरम नळीसुद्धा मीटरमागे सात-आठ वॉट उष्णता सोडते. वीस मीटर नळी वर्षभर तापती ठेवली तर तेराशे युनिटच्या आसपास उष्णता तळघरात आणि भिंतींत मुरते. या पंपाला नव्याची फारशी गरज नसते, घड्याळाची असते: सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. फक्त पाण्याच्या टाकीचं तापमान ६० अंशांच्या खाली आणायचं नाही, कारण कोमट साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. अनेक बिऱ्हाडांच्या मोठ्या इमारतीत तर जर्मन नियमाप्रमाणे हे फिरणं दिवसाला आठ तासांहून जास्त थांबवता येत नाही. दादाचं घर एकाच कुटुंबाचं, त्याला ही अट नाही. त्याने अठरा युरोंचा टायमर आणला आणि नळ्यांवर आवरण चढवायचं काम पुढच्या शनिवारवर टाकलं.